लाल दिव्याची डबी

उल्हासनगरच्या वर्कशॉपात मी एक डबी बनवली होती. घरात वीज जास्त लागली की तिच्यावरचा दिवा लाल व्हायचा, म्हणजे माणसाने काहीतरी बंद करावं. पहिली डबी बुवापाड्यातल्या आमच्याच घरात लावली. दम्याने बेजार झालेले वडील तिच्यासमोरच बसायचे. फ्रिज सुरू होऊन दिवा लाल झाला की ते उठून स्वतःचा पंखा बंद करायचे.

"बाबा, पंख्याला फारशी वीज लागत नाही. राहू द्या चालू."

"मग लाल कशाला होतो? तूच बनवलायस ना?"

शेवटी मी डबी काढली. दुसऱ्या दुपारी घरी आलो, तर पंखा बंदच आणि बाबांचा बनियन घामाने भिजलेला.

"आता दिवा नाहीये, बाबा."

"फ्रिजचा आवाज येतो की," ते धापा टाकत म्हणाले.