बाहीवरचा डोंगर

गल्लीत त्यांना सगळे फौजीणबाई म्हणत. नवऱ्याची फौज सुटली, पुढे नवराही गेला, पण नाव चिकटलं ते चिकटलंच. बाई देवभोळ्या, खालमानेनं वावरणाऱ्या. नवऱ्याच्या वर्दीवरून कोणी छेडलं, की मात्र त्यांच्या तोंडाचा पट्टा सुटायचा.

वर्दीच्या उजव्या बाहीवर डोंगराच्या आकाराचा कापडी बिल्ला होता. सीमेवरचा एक डोंगर जे लढून चढले, त्यांनाच तो मिळालेला. धाकटे दीर मात्र चारचौघांत म्हणायचे, “दादा कसला चढतोय? खाली कोठीत बटाटे मोजत होता. बिल्ला जुन्या बाजारातला.” बाई भांडायच्या. पण देवापुढे बसल्या, की त्यांच्याही मनात पाल चुकचुकायची. नवरा त्या डोंगराबद्दल उभ्या जन्मात धड बोलला नव्हता.

पलटणीच्या संग्रहालयात त्या लढाईचं दालन होणार होतं. तिथल्या पारख्यानं वर्दी तपासायला बोलावलं. दीर आपणहून निघाले. “वहिनी, एकट्या कशा जाल?” म्हणाले. हे सोबतीला नव्हे, तमाशा बघायला येताहेत, हे बाईंना कळत होतं.

पारख्याच्या टेबलावर पांढरा कागद, भिंग आणि चिमटे मांडलेले होते. त्यानं गुंड्या उलटून पाहिल्या, अस्तरावरचा शिक्का वाचला.

“कोट पलटणीचाच. वाद नाही. प्रश्न बिल्ल्याचा आहे. हा नकली फार निघतो.”

त्यानं पडदे ओढले आणि एक जांभळा दिवा लावला. “जुनं सूत या उजेडात मिणमिणतं राहतं. नवा धागा चमकतो.”

सगळी वर्दी चांदण्यासारखी उजळली. बिल्ल्याभोवतीचा टाका न् टाका लखलखला.

“दादाची ट्यूबलाइट झाली की, वहिनी,” दीर अंधारात हसले.

पारखी हसला नाही. “धागा अलीकडचा, शिलाई मशीनची. बाई, बिल्ला कोणत्या दुकानात लावून घेतलात?”

“दुकानात नाही. मीच लावते, हातानं. ते गेले त्या दिवशी दरवर्षी वर्दी धुते. रंग उतरू नये म्हणून बिल्ला आधी उसवते.”

“धुता? कशानं?”

“पावडरीनं. ती कपडे शुभ्र करणारी असते ना, ती.”

पारख्यानं कपाळाला हात लावला. “मग चमकतेय ती पावडर. दिव्याचं काम संपलं.” त्यानं पडदे उघडले. “पण इतके सारखे टाके हातानं येत नाहीत, बाई. उसवून बघावं लागेल. खाली जुन्या शिलाईची खूण सापडली नाही, तर मला नकली असं लिहावं लागेल.”

“राहू द्या, वहिनी,” दीर हळूच म्हणाले. “घरी जाऊ. मी कोणाला बोलणार नाही.”

त्यांच्या आवाजात आज कुचकेपणा नव्हता. बाईंना तेच जास्त झोंबलं. म्हणजे यांची खातरीच आहे.

“कात्री द्या,” त्या पारख्याला म्हणाल्या.

दरवर्षीसारखा त्यांनी एकेक टाका कापला. शेवटचा टाका तुटला. पारख्यानं चिमट्यानं बिल्ला उचलला आणि भिंग घेऊन बाहीवर वाकला. बाई मनातल्या मनात देवाचं नाव घेत राहिल्या.

“दरवर्षी शिवता म्हणालात. मग इथं भोकांची एकच ओळ कशी? बाकीची कुठं गेली?”

“जुन्याच भोकांतून सुई घालते,” बाई म्हणाल्या. “ह्यांच्या कापडाला माझ्या हातचं नवं भोक कशाला पाडू?”

पारख्यानं मान वर केली. “सगळ्या भोकांतून?”

“एकही सोडत नाही. म्हणून तर अख्खी दुपार जाते.”

“वाळवता कुठं? उन्हात?”

“सावलीत. मग ट्रंकेत.”

त्यानं बाही दिराच्या बाजूला वळवली. “हे बघा. बाही उन्हानं विटलीय, पण बिल्ल्याखाली डोंगराएवढंच कापड गडद राहिलंय. हे ऊन नोकरीतलं. भोकं मशीनची आहेत. हा बिल्ल्याच्या दुमडीत अडकलेला जुन्या धाग्याचा तुकडा पाहा. खांद्याच्या पट्टीला पलटणीच्या शिंप्यानं हाच धागा वापरलाय. बिल्ला तिथंच शिवला गेलाय. खरा आहे.”

बाई खुर्चीत मागे टेकल्या.

“वर्दी आता इथंच राहील,” पारखी म्हणाला. “आणि पाणी लावायचं नाही हं, बाई. एवढं मात्र ऐका.” त्यानं सुई आणि साध्या सुताचं रीळ पुढे सरकवलं. “बिल्ला तुम्हीच लावा. त्या भोकांची सवय तुमच्या सुईला आहे.”

बाई शिवू लागल्या. दीर शेजारी येऊन बसले.

“वहिनी, त्या डोंगरावर काय झालं होतं हो? दादा तुम्हाला काही बोलला?”

“तुम्ही विचारायचं होतंत. ते समोरच तर बसलेले असायचे,” बाई ताडकन म्हणाल्या आणि पुढच्या भोकाशी सुई तशीच धरून राहिल्या. मग आवाज उतरला. “मीही नाही विचारलं, भावजी. बोलत नाहीत म्हणजे काही नसेलच, असं मलाही वाटायचं.”