गुरुदासचा बास

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. आणि सांगतोच आहे तर आव कशाला आणू — मला तेव्हा मजा येत होती.

डिचोलीत बँकेत नोकरी, आणि शनिवार-रविवारी मांद्रेच्या किनाऱ्यावरच्या एका शॅकमध्ये जुनी रॉक गाणी वाजवणारा आमचा बँड. मी कीबोर्डवर. बास गिटारवाला आमच्याकडे नव्हताच. ते खर्जातले सूर मीच डाव्या हाताने काढायचो, आणि त्याचा मला कोण अभिमान! मग गुरुदास आला. शिरगावचा, खाणीच्या ट्रकवरचा ड्रायव्हर. खाण बंद पडली आणि चाळिशीत या माणसाने बास शिकायचं मनावर घेतलं. मीच शिकवलं.

त्या गाण्यांतला बास म्हणजे एकाच सुरावर आठ-आठ ठोके, न थकता, न धावता. सोपं वाटतं ना? करून बघा. दुसऱ्या मिनिटाला बोटं दगड होतात, लय पळायला लागते. गुरुदासची पळायची नाही. भरलेला ट्रक चढणीला एकाच गिअरवर न्यावा, तसा तो अख्खं गाणं ओढून न्यायचा. चौथ्या महिन्यात ड्रमवाला माझ्याकडे बघायचं सोडून त्याच्याकडे बघून हसू लागला.

बस्स — एवढंच कारण. याहून मोठं काही असावं असं मलाही वाटतं, पण नाही.

आवाजाचं मिक्सर माझ्या शेजारी असायचं. लोकांकडे तोंड केलेल्या स्पीकरमधला त्याचा आवाज मी पार बंद केला. पाठीमागच्या छोट्या स्पीकरमधून तो स्वतःला ऐकत होता, आम्हालाही ऐकू येत होता. बाहेर मात्र माझा डावा हात. किती दिवस? अख्खा सीझन.

मग एका हॉटेलच्या बँडला बासवाला हवा होता — कायमचं काम. त्यांचा म्होरक्या गुरुदासला ऐकायला आला. गुरुदासची बायकोही आली होती, नवी साडी नेसून, पहिल्यांदाच. पहिल्या गाण्याआधी त्याचा आवाज सुरू करायला माझं बोट मिक्सरपर्यंत गेलं — आणि मी नाक खाजवलं.

म्होरक्याने नंतर मला बाजूला घेऊन विचारलं, हा नुसताच उभा असतो का? मी म्हटलं, शिकतोय अजून. तो गुरुदासला न भेटताच गेला.

इतक्यावर थांबलो असतो तरी — पण वहिनी खरं बोलल्या. "तुमचें कायच आयकूंक येयना," त्या नवऱ्याला म्हणाल्या. त्याने माझ्याकडे पाहिलं. मी हसून म्हटलं, "बास कानाला नाही, जाणकाराला कळतो." तेव्हा सगळ्यांसमोर तो त्यांच्यावर ओरडला, "तुका कितें कळटा गो!" त्यांनी मान खाली घातली. आणि मी वायर गुंडाळत राहिलो.

त्यानंतर महिनाभर तो रोज येऊन विचारायचा, कुठे कमी पडतो? बोटांना फोड आले होते. मी सांगायचो — हात जड आहे तुझा. शेवटी त्याने बास सोडला. आता शाळेची बस चालवतो.

मागच्या आठवड्यात बाजारात भेटला. सोबतच्या माणसाला माझी ओळख करून देत म्हणाला, "सरांनी खूब कश्ट घेतले रे. माजोच हात जड."

मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हटलं, "असू दे रे, सगळ्यांना नाही जमत."