रेघेवरची बुरशी

रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत तिला सगळे बुरशीमावशी म्हणत. नाव चेष्टेने पडलं होतं, पण ती ते मिरवायची. घरीसुद्धा पावाला बुरशी आली की फेकण्याआधी भिंग घेऊन बसायची. नवरा म्हणायचा, "माझ्याकडे कधी एवढं निरखून पाहिलं नाहीस." "तुम्हाला बुरशी लागली की बघेन," ती म्हणायची.

त्या आठवड्यात मात्र तिला थट्टा सुचत नव्हती. वरच्या मजल्यावर शाळेच्या बसचा एक चालक होता. मेंदूत गळू झालेलं, वाचा गेलेली. शस्त्रक्रिया करून पू काढला, त्यात कोणते जंतू उगवतात ते बघायला थोडा मावशीने काचेच्या बशीत पसरून ठेवला, जंतूंवरची भारीतली भारी औषधं दिली, तरी माणूस खालावतच चालला होता. त्याची बायको रोज खिडकीशी येऊन विचारायची, "ताई, काही उगवलं का?" उगवलं तर नेमकं औषध सापडेल, एवढं तिला कळलं होतं.

आणि दहाव्या दिवशी बशीत उगवलं! काळसर, मखमली ठिपके. मावशी बशी घेऊन धावली.

मोठ्या डॉक्टरांनी लांबूनच पाहिलं. "हवेतली पडली असेल. द्या टाकून."

दहांतल्या नऊ वेळा तसंच असतं, हे तिलाही ठाऊक होतं. पण ती जागची हलली नाही. "सर, हवेतली बुरशी कुठेही पडते. पू पसरताना मी तारेने नागमोडी रेघ ओढली होती. बघा ना, एक ठिपका रेघ सोडून असेल तर शपथ!"

डॉक्टर वाकले. बशी फिरवली, पुन्हा फिरवली. मग त्यांनी चिमूटभर बुरशी काचपट्टीवर घेतली आणि सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. "अहो मावशी, ही तर थेट मेंदूतच घर करणारी! आजवर पुस्तकातच पाहिली होती मी!" एवढ्या वयाचा माणूस दोन-दोन पायऱ्या चढत वर पळाला. बुरशीवरचं औषध त्याच दुपारी सुरू झालं.

पुढचे तीन आठवडे मावशीचा जीव टांगणीला लागला होता. मग एका सकाळी 'आत येऊ नये' ही पाटी धुडकावून चालकाची बायको थेट टेबलापाशी आली.

"ताई, बोलले! अहो, बोलले ते!"

"काय म्हणाले?"

"म्हणाले, 'जरा गप्प बस गं.'" ती हसता हसता रडायला लागली. "आता तुम्हीच सांगा, कशी गप्प बसू?"