पुष्पाबाईंचं पोटाचं ऑपरेशन

परतूरच्या मुलींच्या शाळेत पुष्पाबाई शिकवायला लागल्या तेव्हा त्या बावीस वर्षांच्या होत्या, आणि गावात त्यांना नावानं ओळखणारे कमी, छातीवरून ओळखणारे जास्त होते. हे लिहायला बरं वाटत नाही. पण गावाला तीन वर्षं ते बोलायला बरं वाटत होतं, तेव्हा लिहिणाऱ्यानंच का लाजावं? बाजाराच्या दिवशी कापसाच्या गाड्यांवर बसलेले बाप्ये त्यांना पाहून एकमेकांना कोपरानं ढोसायचे. शाळेतले साहेबराव गुरुजी वयानं बापासारखे, पण पुष्पाबाईंशी बोलताना त्यांची नजर कधी हनुवटीच्या वर चढली नाही.

लोकांना दिसायचं ते एवढंच. खांद्यांवर पट्ट्यांनी पाडलेल्या बोटभर खोल खाचा कोणाला दिसत नव्हत्या. उन्हाळ्यात छातीखालची कातडी घामानं सोलवटायची, तिथं रोज खोबरेल लावावं लागायचं. फळ्यावर चार ओळी लिहिल्या की मानेपासून कमरेपर्यंत कळ जायची. उताणं झोपलं की जीव गुदमरायचा. चौदाव्या वर्षापासून हे ओझं अंगावर होतं आणि ते उतरवून ठेवायला जागा नव्हती. त्यांची माय दुर्गाबाई जुन्या धोतराची पट्टी करकचून बांधून द्यायची आणि म्हणायची, "छप्पन साली बौद्ध झालो तवा देव नदीत सोडले आपुन, न्हाईतर त्याला तरी चार शिव्या घातल्या असत्या."

त्यात एक चांगली गोष्ट घडली. जालन्याच्या एसटी डेपोतला भुजंग नावाचा क्लार्क त्यांना पाहायला आला. आतापर्यंत आलेली स्थळं चहा पिता पिता काय पाहायची ते पुष्पाबाईंना पाठ झालं होतं. यानं सरळ तोंडाकडे पाहून विचारलं, "गणित शिकवता का मराठी?" पुष्पाबाई त्या प्रश्नावर भाळल्या, हे कबूल करायला काही हरकत नाही. दिवाळीनंतर सुपारी फुटली आणि लग्न वैशाखी पौर्णिमेला धरलं.

डिसेंबरात पाठ फारच धरली म्हणून त्या गाडीनं औरंगाबादला एका दवाखान्यात गेल्या. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी तपासून सांगितलं, "पाठीचा यात काही दोष नाही. दोष पुढच्या वजनाचा आहे, आणि त्याला ऑपरेशन आहे." मग त्यांनी कागदावर चित्र काढून, काहीही न लपवता, पुढं काय काय होणार ते सांगितलं. बेशुद्ध करणार. तीन-चार तास लागणार. जास्तीचं मांस काढून बोंडं वर सरकवून शिवणार. रक्त निथळायला दोन रबरी नळ्या राहतील, टाके दोन आठवड्यांनी निघतील, आणि दीड महिना पाण्याची घागर उचलायची नाही. व्रण जन्मभराचे, बोंडाभोवती गोल, तिथून खाली सरळ आणि खालच्या घडीत आडवे; फिके पडतील, पुसले जाणार नाहीत. दोन्ही बाजू अगदी सारख्या होतीलच असं नाही. स्पर्श कमी कळेल, कदाचित कळणारही नाही. आणि मूल झालं तर अंगावरचं दूध येईल याची खात्री कोणी देऊ शकत नाही.

"लग्न ठरलंय म्हणतेस. त्याला सांगितलंस का?"

"सांगीन," पुष्पाबाई म्हणाल्या. मग त्यांनी एकच विचारलं, "पाठ दुखायची राहील?"

"राहील."

त्यांनी तिथंच सही केली. डॉक्टरीणबाईंनी शरीराचं सगळं बरोबर सांगितलं, त्यात एक अक्षर खोटं निघालं नाही. गाव काय करील ते त्यांच्या पुस्तकात नसावं.

घोळ रजेच्या अर्जापासून सुरू झाला. हेडमास्तरांना काय लिहायचं? छातीचं ऑपरेशन? तो शब्द दुर्गाबाईनं जन्मात बाप्यासमोर उच्चारला नव्हता. "पोटाचं लिही," ती म्हणाली. "पोट सगळ्यांलाच असतं." पुष्पाबाईंनी पोटाचं लिहिलं. शेजारणींना दुर्गाबाईनं पोटातल्या गाठीचं सांगितलं. घरात कचरूला, पुष्पाबाईंच्या बापाला, तेच सांगितलं. तो रेल्वेत गँगमन, सरळ माणूस, लेकीला स्टेशनावर सोडताना म्हणाला, "पोटाचा आजार वाईट, बिलकुल अंगावर काढू नको."

दवाखान्यात पहिले दोन दिवस पुष्पाबाईंनी दात आवळून काढले. छातीवर जणू कोणी जातं ठेवलं होतं. नळ्या निघाल्या, आणि चौथ्या दिवशी दुपारी त्या उताण्या झोपल्या आणि पोटभर श्वास घेतला. अकरा वर्षांत पहिल्यांदा. मग त्या जोरजोरात रडल्या, आणि बाजूच्या खाटेवरच्या बाईला वाटलं, हिला दुखतंय. आनंद इतका होता की त्यांनी भुजंगला पत्र लिहायला घेतलं, सगळं, जसंच्या तसं. सोबतीला राहिलेल्या दुर्गाबाईनं विचारलं, काय लिहून राह्यलीस? कळल्यावर तिनं हात धरला. "लगीन होऊ दे, मंग सांग. एवढी काय जल्दी पडली?" पुष्पाबाईंनी पत्र फाडलं. पुढं आयुष्यभर त्यांना कोणाचा राग आला असेल तर तो त्या दुपारच्या स्वतःचा.

दीड महिन्यानं त्या परतल्या, ताठ मानेनं, हलक्या अंगानं. आणि गावानं हिशोब मांडला. बिनलग्नाची पोरगी, पोटाचं ऑपरेशन, दीड महिना औरंगाबादला, आणि आली तर अंग उतरलेलं. साहेबराव गुरुजींनी शिक्षकांच्या खोलीत बोटांवर महिने मोजून दाखवले. ज्या गावानं तीन वर्षं नजर हलवली नाही, त्याला काय कमी झालं ते बरोबर कळलं. का कमी झालं ते कोणाला विचारावंसं वाटलं नाही. विचारलं असतं तर मजा गेली असती.

बोलणं जालन्याला पोचायला महिना लागला नाही. मार्चमधल्या एका रविवारी भुजंगची आई द्वारकाबाई दोन जावांना घेऊन आली. भुजंगही होता, तो कचरूजवळ ओसरीवर बसला. बायका पुष्पाबाईंना घेऊन आतल्या खोलीत गेल्या आणि दार लावलं. पोरीत काही खोट आहे का ते पाहायची ही जुनीच रीत. चालवून, केस सोडून पाहतात. या वेळी पाहायचं वेगळं होतं.

"पोटावरचा टाका दाखव," द्वारकाबाई म्हणाली.

पुष्पाबाईंनी पदर बाजूला केला. पोट कोरं होतं.

"बघा!" द्वारकाबाईनं कपाळावर हात मारला. "लोक बराबर बोलून राह्यलेत."

"टाका आतून हाय, बाई..." दुर्गाबाई बोलू लागली.

"माय, बस झालं," पुष्पाबाई म्हणाल्या, आणि पोलक्याची बटणं काढली.

लाल व्रण अजून ओले वाटावेत असे होते. पुष्पाबाईंनी सांगितलं ते सगळं, ज्या क्रमानं डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं त्याच क्रमानं, वर्गात शिकवावं तसं. थोरली जाऊ जवळ आली, तिनं बोट फिरवून पाहिलं. द्वारकाबाईचा चेहरा सैल पडला.

"म्हंजे पाप न्हाई केलं तू."

"न्हाई."

दुर्गाबाई पदराला डोळे पुसायला लागली. आता सगळं निभावलं, असं तिला वाटलं. पुष्पाबाईंनाही क्षणभर वाटलं.

"आन् लेकराला काय पाजशील?" द्वारकाबाईनं विचारलं.

"दूध येईल, न्हाईतर न्हाई येणार. सांगता येत न्हाई."

द्वारकाबाईनं स्वतःचा पदर छातीवर ओढून घेतला. रागावली नव्हती ती, ते जास्त वाईट होतं. "पोरी, पाप केलं असतं तं झाकून घेतलं असतं म्या," ती म्हणाली. "घरोघर झाकतेतच. हे कसं झाकू?"

बायका बाहेर पडल्या. द्वारकाबाई लेकाच्या कानाशी दोन वाक्यं बोलली. भुजंगनं आतल्या दाराकडे एकदा पाहिलं, मग खाली बघून चपला घातल्या. कचरूच्या हातात बशी तशीच राहिली.

"काय झालं? पोरीचं काय चुकलं, तेवढं तं सांगा."

कोणी सांगितलं नाही. बाप्यासमोर कसं सांगणार? ती मंडळी टांग्याकडे निघाली तसा कचरू अनवाणी मागं धावला. आत पुष्पाबाई बटणं लावत होत्या. त्याचा आवाज त्यांना अख्ख्या गल्लीवरून ऐकू आला.

"लोकाचं ऐकू नका, बाई! पोटाचंच ऑपरेशन झालंय तिचं. माझी लेक माझ्याशी कधी खोटं बोलली न्हाई!"