नववे पत्र
सुरू करताना माझी मोटार कर्कश खडखडाट करी. विक्रेत्याला मी आठ संतप्त पत्रे धाडली. "मोटार निर्दोष आहे, आपले कान तपासून घ्यावेत," एवढेच उत्तर आले.

कोरेगावच्या बाजारात भेटलेला, पूर्वी लष्करात लॉऱ्या दुरुस्त करणारा एक अनोळखी इसम मात्र माझी कैफियत ऐकेना. "आवं, तुमी गप ऱ्हावा. आदी गाडीला बोलू द्या."

बॉनेट उघडून, मला गाडी सुरू करायची कळ दाबायला लावून त्याने हातातल्या काठीचे एक टोक स्टार्टरवर टेकवले, दुसरे कानाला लावले आणि डोळे मिटले. साक्षीदाराचे इतक्या आदराने ऐकणारा न्यायाधीशही मी पाहिलेला नाही. मग पान्याने त्याने स्टार्टरचे दोन सैल बोल्ट आवळले. मोटार निमूटपणे सुरू झाली.

"तुमचं कान लय तिखट हायत," तो हात पुसत म्हणाला.

नववे पत्र मी एका ओळीत आटोपले: कान तपासले, निर्दोष आढळले.