कौल पोर्तोचा, पाय ज्वालामुखीवर

आमच्या घरी दिवाळीच्या सुट्टीत कुठे जायचं ही चर्चा गणपतीत सुरू होते आणि कुणीतरी रुसलं की संपते. यंदा ती थेट पोर्तुगालपर्यंत गेली. माझ्या भाचीने फोनवर दोन फोटो दाखवले आणि आग लावून ती पुण्याला निघून गेली. एक फोटो पोर्तोचा, नदीकाठच्या जुन्या वाइनच्या शहराचा. दुसरा साओ मिगेलचा. हे अटलांटिकच्या मधोमध ज्वालामुखीने वर आणून ठेवलेलं हिरवंगार बेट. हातात दिवस नऊ, त्यामुळे दोन्हीतलं एकच करा असा तिचा प्रेमळ सल्ला.

मला पोर्तो हवं होतं. मी आंब्याचा बागायतदार. वर्षातले आठ महिने मी मोहोर, तुडतुडे आणि दलाल यांच्या मर्जीवर जगतो. कुणीतरी ओतून दिलेला ग्लास हातात धरून नदीकडे बघत बसणं एवढीच माझी परदेशाची कल्पना. बायकोला, म्हणजे सुनेत्राला, बेट हवं होतं. आणि तिचं कारण माझ्या कारणापेक्षा वजनदार होतं, हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं.

सुनेत्रा सत्तावीस वर्षं शाळेत भूगोल शिकवते. मागच्या वर्षी सातवीच्या वर्गात ती फळ्यावर ज्वालामुखीची आकृती काढत होती, तेव्हा पहिल्या बाकावरच्या ईश्वरीने विचारलं, "बाई, तुम्ही खराखुरा बघितलाय?" आणि जी बाई माझं खोटं मी तोंड उघडायच्या आत पकडते, ती बाई म्हणाली, "हो." पुढे घंटा होईपर्यंत तिने वर्गात लाव्हा वाहवला, दगड उडवले, आभाळ लाल केलं. आठवड्याभरात ती गावभर 'ज्वालामुखी बघून आलेल्या बाई' झाली. हळदीकुंकवाला बायका तिला विचारू लागल्या, फार उकडतं का हो तिथे? येत्या मे महिन्यात ती निवृत्त होतेय. "हे खोटं बरोबर घेऊन मी शाळेतून बाहेर पडणार नाही," एवढंच ती म्हणाली.

एखाद्या भल्या नवऱ्याने इथेच ऐकलं असतं. मी म्हटलं, "अगं, गरम पाण्याचे झरे आपल्या संगमेश्वर तालुक्यात आहेत. एसटीने जाऊन येऊ."

"आणि वाइन नाशिकला आहे," ती म्हणाली. "तुम्हीही एसटीने जा."

आठवडाभर असं चालल्यावर आम्ही आमच्याकडे शेवटी करतात तेच केलं. गावच्या देवीला कौल लावला. कोकणाबाहेरच्या वाचकांसाठी सांगतो. विहीर कुठे खणायची, मुलगी कुठे द्यायची, भावाशी बोलायचं की नाही, असे सगळे अडलेले प्रश्न आम्ही ग्रामदेवतेकडे नेतो. गुरव देवीच्या दोन्ही अंगांना ओल्या पाकळ्या चिकटवतो, गाऱ्हाणं घालून प्रश्न विचारतो. उजवी पाकळी पडली तर हो, डावी पडली तर नाही. त्यावर अपील नाही.

सुनेत्रा ओटीचं ताट घेऊन मागे उभी होती. पुढे गुरवकाकांशी बोललो मी. पोर्तोसाठी मी सरळ विचारायला लावलं, "जाऊ का?" उजवी पडली. बेटासाठी मात्र हळूच म्हणालो, "काका, ज्वालामुखीवर गेलो तर जिवाला काही होणार नाही ना, असं विचारा." काकांनी माझ्याकडे एक नजर टाकली आणि तसंच विचारलं. डावी पडली. सुनेत्राने नमस्कार केला आणि घरी येऊन पोर्तोची हॉटेलं शोधायला बसली.

आता कामाचं. व्हिसाची भेट मुंबईत मिळते, दोन महिने आधी मागे लागा. बागायतदाराच्या उत्पन्नाचे कागद बघून तिथल्या मुलीला घाम फुटतो, म्हणून सातबाऱ्याचं इंग्रजी भाषांतर आधीच करून न्या. रत्नागिरीहून रेल्वेने मुंबई, तिथून एक विमान बदलून लिस्बन, लिस्बनहून पोर्तो रेल्वेने साधारण तीन तास. गाडी वेळेवर सुटते, वेळेवर पोचते, त्यामुळे प्रवासात बोलायला काही विषय राहत नाही.

पोर्तो सुंदर आहे. सगळं शहर घाटात वसल्यासारखं, घरांच्या भिंतींना निळ्या फरशा, खाली दोरू नदी. तळाला पकड असलेले बूट न्या, दगडी रस्ते पावसात आमच्या शेवाळलेल्या पाखाडीसारखे, म्हणजे दगडी पायऱ्यांच्या वाटेसारखे निसरतात, आणि नोव्हेंबरात पाऊस असतोच. दुकानात खारवलेला कॉड मासा फळीसारखा उभा करून ठेवतात. तो सुका मासा बघून मला घरी आल्यासारखं वाटलं. त्याचे तीनशेपासष्ट प्रकार करतात, असं वाढणारा सांगत होता. आम्ही दोन खाल्ले, दोन्हींत बटाटा होता.

तिसऱ्या दिवशी लोखंडी पूल ओलांडून पलीकडच्या काठावरच्या वाइनच्या तळघरात गेलो. माणशी वीसेक युरोत तळघर दाखवतात आणि तीन ग्लास चाखायला देतात. अंधार, गारवा, लाकडाची पिंपं, आणि त्यांना धक्का लागू नये म्हणून हलक्या आवाजात बोलणारी मार्गदर्शक मुलगी. मी खूश. आंबा पेंढ्यात पिकत घालून अढी लावली की मीही घरात कुणाला मोठ्याने बोलू देत नाही. हे मी तिला मोडक्या इंग्रजीत सांगितलं. तिने मान डोलावली आणि दुसरा ग्लास जरा जास्त भरला.

सुनेत्राने एक घोट घेतला. "खोकल्याचं औषध," ती म्हणाली आणि ग्लास माझ्याकडे सरकवला. भिंतीवर दोरूच्या खोऱ्यातल्या खडकाचा नकाशा होता. इतर वेळी तिने त्यातल्या चुका काढल्या असत्या. त्या दिवशी तिने मान वर करून पाहिलंसुद्धा नाही. तीन दिवस ती अशीच वागत होती, कसलीही तक्रार न करता. तिच्या भांडणाची मला सवय आहे, या शहाणपणाची नाही. तिसरा ग्लास तसाच हातात धरून मी म्हटलं, "सुनेत्रा, कौल बरोबर नव्हता."

"म्हणजे?"

मी सांगितलं. पोर्तोला नुसतं जाऊ का, आणि बेटाला जिवाची भीती घालून.

"तुम्ही देवीला फसवलंत?"

"देवीला नाही गं. तुला."

हे जास्त वाईट आहे, हे बोलल्यावर कळलं. ती उठली आणि माझी वाट न बघता पूल ओलांडून हॉटेलवर गेली. संध्याकाळभर ती टीव्हीवर पोर्तुगीज बातम्या बघत बसली. तिला पोर्तुगीज येत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला तिने गावी व्हिडिओ कॉल लावला. तिकडे साडेबारा वाजले होते. गुरवकाका नैवेद्य दाखवून जेवायला निघाले होते.

"काका, मला कौल लावायचाय. आत्ता."

"वयनी, फोनवर कौल मी जन्मात लावलेला नाय."

"देवीला चालेल का?"

"देवीला नेटवर्क नाय लागत, तुमालाच लागतंय. पन पाकळी आडकली तर मला इचारायचा नाय." मग कॅमेऱ्यात डोळे बारीक करून म्हणाले, "मालक हायत काय बाजूला? त्यांना जरा लांब उभं करा."

मी बाल्कनीत जाऊन उभा राहिलो. आतून सुनेत्राचा आवाज आला, स्पष्ट, वर्गातला: "बेटावर जाऊ का? एवढंच विचारा काका. पुढे काही जोडू नका." काकांनी गाऱ्हाणं घातलं. बाल्कनीत मला थंडीपेक्षा पाकळी पडायची वाट बघण्याचा त्रास झाला. डावी पडली असती तर ती पुन्हा नमस्कार करून गप्प बसली असती, हे मी पंचवीस वर्षांच्या अनुभवाने सांगतो. आणि मग आयुष्यभर मला त्या गप्प बसण्याशेजारी जेवावं लागलं असतं.

"उजवी!" काका ओरडले. "जावा, जावा. आनि चपला चांगल्या घाला."

पोर्तोहून साओ मिगेलला विमानाने अडीच तास लागतात. आदल्या दिवशी काढलेलं तिकीट महाग पडतं. किती ते विचारू नका, मीही नंतर विचारलं नाही. बेटावर गाडी भाड्याने घ्या, बस दिवसातून मोजक्या. गाडी उजव्या बाजूने चालवावी लागते, पण रस्ते रिकामे आणि गायी कुंपणाच्या आत, त्यामुळे आपल्याकडच्या माणसाला चालवताना कंटाळा येतो. हवा तासातासाला बदलते, छत्री आणि गॉगल दोन्ही जवळ ठेवा.

आणि ज्वालामुखी? मी लाल काहीतरी शोधत होतो. सगळं हिरवं. विवराच्या तोंडात तळं, कडेला गवत, गवतात गायी. "हेच?" मी म्हटलं. सुनेत्रा गाडीकडे चालू लागली. आम्ही फुर्नाश नावाच्या गावात गेलो. तिथे जमिनीतून वाफ निघते, गंधकाचा वास नाकात बसतो, चिखल खदखदतो. तळ्याकाठी लोक पहाटे मातीत खड्डे करून त्यात पातेली पुरतात. सहा तासांनी दुपारी बाहेर काढतात, तोवर खाली कुणीही चूल न पेटवता कोबी, बटाटा, मांस शिजलेलं असतं. आम्ही बिनमांसाचं मागितलं, त्यांनी मांस बाजूला काढून दिलं. चवीला बरं, किंचित गंधकाचं. झऱ्यात उकडलेलं मक्याचं कणीस मात्र चुकवू नका.

पातेलं काढल्यावर सुनेत्रा त्या खड्ड्याशेजारी उकिडवी बसली. गुडघा दुखतो तिचा, पण बसली. तिने तळवा मातीवर ठेवला, काढला, पुन्हा ठेवला, अंगात ताप असलेल्या पोराचं कपाळ बघावं तसा.

"अहो, हात लावा."

मी लावला. चटका बसला.

"हे मी सत्तावीस वर्षं फळ्यावर काढतेय," ती म्हणाली, आणि मग तिथेच त्या पातेलीवाल्याला मराठीत मॅग्मा समजावून सांगायला लागली. तोही ऐकत होता. तिच्या वर्गात ऐकावंच लागतं.

मला बरेच वाचक विचारतात, दोन्हीतलं एक निवडायचं तर कुठलं? दोघांना हवी ती जागा एकच असेल तर कुठलीही. वेगवेगळी असेल, तर ज्याच्या गरजेला तारीख लागलेली आहे, त्याची आधी. वाइन आणखी पाच वर्षं पिंपात राहिली तरी बिघडत नाही, तिथल्या मुलीनेच सांगितलंय.

सुट्टीनंतर शाळा उघडली. सुनेत्राने पहिल्याच दिवशी आठवीच्या वर्गात फोटो दाखवायचे ठरवले. प्रोजेक्टर जोडायला मी. मुली उत्सुक. तिने फोटो सुरू करण्याआधी खडू खाली ठेवला आणि सांगितलं, "मागच्या वर्षी मी तुम्हाला म्हटलं होतं, मी ज्वालामुखी बघितलाय. ते खोटं होतं. आता बघून आलेय." मग तिने तळं दाखवलं, गायी दाखवल्या, वाफ दाखवली, मातीतून निघालेला कोबी दाखवला.

शेवटी ईश्वरीने हात वर केला.

"बाई, रागावू नका, पण मागच्या वर्षीचा जास्त भारी होता."

सगळा वर्ग माना डोलावत होता. सुनेत्राचा चेहरा क्षणभर पडला, मग ती हसली, अगदी मोठ्याने, मुख्याध्यापक दारात येऊन बघून गेले एवढ्या मोठ्याने.

"होताच," ती म्हणाली. "पण परीक्षेत हा लिहायचा. वह्या काढा."