किलुबण्णांची रोगी नाणी

किलुबण्णा माणसाच्या तोंडाकडे बघण्याआधी त्याचे हात बघत. हात घामेजलेले दिसले की कोठीच्या दारातूनच परत! "घामात मीठ असतं. तू घरी जाशील, मीठ इथं राहील." किलुबू म्हणजे कन्नडमध्ये तांब्यावरचा हिरवा गंज. संग्रहालयाच्या कोठीत तांब्याची नाणी सांभाळणाऱ्या आमच्या या शेजाऱ्याला सगळी गल्ली त्याच नावाने ओळखे.

देवनहळ्ळीकडे विहीर खणताना नाण्यांनी भरलेले मडके निघाले आणि अण्णांच्या टेबलावर आले. एकेक नाणे पांढऱ्या कागदावर ठेवून ते आठ दिवस वाट बघत. गंज गडद आणि घट्ट राहिला तर नाणे निरोगी. फिकट हिरवी पूड कागदावर गळली तर रोगी. ती पूड नाणे आतून खाते आणि ओल मिळाली की जास्तच खाते. रोग्यांसाठी वेगळी बरणी, तळाला वाटीत ओल शोषायला कळीचा चुना, झाकणाला मेण. "घट्ट हिरवं खरवडायचं नाही. अक्षरं त्यानंच धरून ठेवलेली असतात," असे म्हणत त्यांनी मला दारातच एका नाण्यावरचा हत्ती दाखवला होता. सोंड केसाएवढी बारीक.

मला हे सगळे सरकारी चोचले वाटत. विशीतली मी, चळवळीची पत्रके छापून सायक्लोस्टाइलची शाई नखांतून निघत नसे. "काय अक्का, आज कोणाची पाळी?" अण्णा फाटकातून विचारत.

एकदा मी म्हटले, "तुमचीच!"

"सरी, चालेल. कन्नड शुद्धलेखन मात्र स्वल्प बघून घे."

पत्रक निघाले: 'जनतेची नाणी बरण्यांत का कोंडली?' बाजारात हातोहात गेले. वरचे साहेब टरकले. मंत्री बघायला येणार असे ठरले. आता हिरवी नाणी मंत्र्यांना दाखवायची कशी? अण्णा बहिणीकडे येलहंक्याला श्राद्धाला गेले होते. तेवढ्यात साहेब नावाच्या या शिकलेल्या गाढवाने, दसऱ्याला देवाची भांडी उजळतात तशी, चिंच-मीठ लावून नाणी घासून घेतली. रोगी, निरोगी, सगळी एकाच घमेल्यात!

प्रदर्शनात ती नव्या पैशांसारखी चकाकत होती. मंत्री "छान, छान" म्हणाले. मी हत्ती शोधत राहिले. एकाही नाण्यावर तो नव्हता. गुळगुळीत चकत्या नुसत्या.

मी कोठीत शिरले ती ओरडतच. "अण्णा, तुम्ही भांडला कसे नाहीत?"

"परत आल्यावर भांडलो की. साहेबांनी तुझं पत्रक पुढं केलं. म्हणाले, लोकांचीच मागणी आहे."

एवढे बोलून त्यांनी माझे घामेजलेले हात बघितले आणि पहिल्यांदाच आत बसायला सांगितले. नाण्यांना आता जपण्यासारखे काही उरले नव्हते, म्हणून.

साहेबांना बढती मिळाली. ती कशाबद्दल, हे विचारणारे पत्रकही मी काढले. तेव्हा कोणी टरकले नाही. अण्णांनी मात्र मडक्यातले एकेक नाणे पुन्हा कागदावर मांडायला घेतले. कोठीतला पांढरा कागद संपला होता. मी उरलेली पत्रके नेऊन दिली. त्यांनी ती कोरी बाजू वर करून अंथरली.

आठ दिवसांनी प्रत्येक पत्रकावर फिकट हिरवी पूड होती. अण्णा निवृत्त झाले तेव्हा कोठीत एकच बरणी पुरेनाशी झाली होती, आणि 'निरोगी' लिहिलेला खण रिकामा होता.